खदानीतला पाला

पाथर्डी फाटा, नाशिक
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

नमस्कार. तुमच्या वाडीवर रेंज हवी म्हणजे तू देवळाच्या टेकाडावर चढणार, आणि वर पोचल्यावर आपलं सगळं बोलणं 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यातच संपणार. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

सुनीलचा दमा पुन्हा उसळलाय. यंदा कारण घराच्या मागच्या भिंतीलाच आहे. आमच्या ऋतुरंग विहारमध्ये झाडं पुष्कळ. जाहिरातीत बिल्डरने तेच दाखवलं होतं आणि आम्हीही त्यालाच भुललो. थंडी पडली की पानगळ सुरू होते. माळी सगळा पाला, कापलेलं लॉन, मेंदीची छाटण मागच्या भिंतीशी ओढून नेतो आणि काडी लावतो. ओलं-सुकं एकत्र, त्यामुळे धड पेटत नाही, नुसतं धुमसतं. तो धूर सरळ आमच्या बेडरूममध्ये येतो.

परवा सकाळी मी चहा घेऊन गेले तर सुनील पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसलेला. बोलता येईना. ओठांचा रंग बघून माझ्या हातातला कप सुटला. पंपाने काही होईना, शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. आता घरी आहे, पण जिना चढताना मध्ये थांबतो.

मी सोसायटीचे सेक्रेटरी हर्षल देसले यांच्याकडे गेले. चांगला शिकलेला मुलगा आहे. म्हणाला, "मॅडम, झाडं आहेत म्हणजे पाला पडणारच. घंटागाडीत एवढा ढीग मावत नाही. तुम्ही सकाळची खिडकी लावून घेत जा ना."

खिडकी लावून घ्या! इतकी वर्षं शाळेत मुलांना श्वसनसंस्था शिकवली मी. पुढच्या रविवारी मीटिंग आहे, त्यात मी हा विषय घेणार आहे. तुमच्याकडे पाल्याचं काय करतात ते कळव. दाजींना नमस्कार.

तुझी ज्योत्स्ना

•

वाडीवरून, घोटी
१९ डिसेंबर २०२४

चि. ज्योतीस,

आशीर्वाद. पत्र वाचून जीव घाबरा झाला. सुनीलरावांना आल्याचा रस मधात दे, आणि सकाळी बाहेर पडू देऊ नको.

पाल्याचं विचारलंस म्हणून ह्यांना वाचून दाखवलं. हे हसायला लागले. म्हणाले, "नाशकात पाल्याचं ओझं होतंय व्हय? आपल्याला तर पुरत नाय." आमच्याकडे गोठ्यात अंथरायला पाला लागतो, उकिरड्यात टाकायला लागतो, आणि उन्हाळ्यात राब भाजायला लागतो. तू विसरली नसशील. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. म्हणजे जाळतो आम्हीपण. पण ते आपल्या वावरात, वारा बघून, पाण्याच्या कळशा भरून ठेवून, आणि विझेपर्यंत माणूस तिथून हलत नाही.

तुमच्याकडे जागा असेल तर खड्डे घ्या. पाला, मग थोडं शेण नाहीतर माती, पाणी शिंपडायचं, पुन्हा पाला. मधून मधून वरखाली करायचं. वास येत नाही. आला तर पाणी जास्त झालं समजायचं. एवढंच आहे, त्याला मीटिंग कशाला?

वेदिकाचं कुठवर आलं? देवळ्याचं स्थळ म्हणाली होतीस.

तुझी सिंधूताई

•

नाशिक
२६ जानेवारी २०२५

ती. ताईस,

जिंकले ग! झेंडावंदन करून आले आणि लगेच लिहायला बसले.

तुझे खड्डे मात्र कुणाला पटले नाहीत. मीटिंगमध्ये खड्ड्यांचं नाव काढलं आणि गलका झाला. एकीला साप दिसायला लागले, दुसऱ्याला डास. एक गृहस्थ म्हणाले, "फ्लॅट घेताना आम्ही उकिरड्याचे पैसे नव्हते भरले." मी सुनीलच्या दवाखान्याचे कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं की पुन्हा भिंतीशी काडी लागली तर मी पोलिसांत जाईन. तेव्हा कुठे हर्षलने तोड काढली. यादव म्हणून एक ट्रकवाला घोटीकडून शहरात विटा आणतो. परतीला गाडी रिकामीच जाते. थोड्या भाड्यात तो आठवड्याला सगळा पाला भरून नेईल. तिकडे त्याचं खत करतात म्हणे. म्हणजे तुमच्याच बाजूला! मला तर फारच आनंद झाला. आमचा कचरा तिकडे मातीला मिळणार, याहून चांगलं काय?

आता सकाळी मी खिडक्या सताड उघडते. सुनील पुन्हा फिरायला जायला लागलाय, काल तर पार्किंगमध्ये शीळ घालत होता. सोसायटीने माझा शाल देऊन सत्कार केला. मी नको नको म्हणत घेतली.

आणि मोठी बातमी. देवळ्याचं स्थळ पक्कं झालं. वीस एप्रिलला साखरपुडा, इथेच जवळच्या हॉलमध्ये. तू आणि दाजी दोन दिवस आधीच या. ओटी तूच भरायचीस.

तुझी ज्योत्स्ना

•

वाडीवरून
२३ मार्च २०२५

चि. ज्योतीस,

साखरपुड्याचं वाचून लय आनंद झाला. ह्यांनी सगळ्या वाडीला सांगून टाकलं. मी वेदिकासाठी इंद्रायणीचे तांदूळ निवडून ठेवलेत.

इकडे एक नवीन त्रास सुरू झालाय. आपल्या वरच्या वावराजवळची जुनी दगडाची खदान तुला माहीत आहे, तिथे कुणाच्या तरी गाड्या रिकाम्या होतात. आधी पाला होता म्हणून बायाबापड्यांनी राबाला भारे आणले. मी पण आणले. पण त्यात प्लास्टिक, तारा, फुटक्या कुंड्या, डेकोरेशनचा थर्माकोल. वावरात पसरायच्या लायकीचं नाही ते. मग कुणी नेईना, आणि ढीग वाढत गेला. आता कुणीतरी त्याला आग लावलीय. ज्वाळा दिसत नाहीत, पण दिवसभर धूर निघतो आणि वाडीवर उतरतो. माझ्या दिरानं, सोमनाथनं, एकदा गाडी अडवली. ड्रायव्हर म्हणाला, "सरकारी खदान हाय, तुझी नाय." ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय.

तुझ्या यादवची गाडी कुठल्या रंगाची ग? आणि पाला कशात भरता तुम्ही? इथे वाऱ्यानं हिरव्या पिशव्या उडतात. त्यावर काही लिहिलंय, पण लांबून वाचता येत नाही, आणि हे मला तिकडे जाऊ देत नाहीत. सहज विचारलं.

तुझी सिंधूताई

•

नाशिक
५ एप्रिल २०२५

ती. ताईस,

तुझं पत्र पोचलं, पण खरेदीच्या धांदलीत उत्तराला उशीर झाला.

आमच्या पिशव्या हिरव्याच आहेत. चांगल्या जाड, धुऊन पुन्हा वापरता येतील अशा. पांढऱ्या अक्षरात 'ऋतुरंग विहार, हरित परिवार' असं छापून घेतलंय. ते नाव मीच सुचवलं. तुला धान्याला हव्या असतील तर साखरपुड्याला आलीस की कोऱ्या देईन, त्यासाठी उडत्या पिशव्या गोळा करत हिंडू नकोस!

गाडीचा रंग पाहिला नाही. पण यादवचा माणूस तसा नाही ग, अगदी नम्र आहे. त्या खदानीत दुसरं कुणीतरी टाकत असेल. ग्रामपंचायतीचा पाठपुरावा मात्र सोडू नका. मी नाही का मीटिंगा गाजवल्या? आपण गप्प बसलो की असंच होतं.

वेदिकासाठी मोरपिशी पैठणी घेतली. तुझ्यासाठीही एक साडी आहे, रंग सांगत नाही. अठरा तारखेला वाट बघते.

तुझी ज्योत्स्ना

•

नाशिक
११ मे २०२५

सौ. सिंधूताईस,

साखरपुडा पार पडला. सगळे आले होते. देवळ्याच्या मंडळींनी विचारलं, "मुलीची मावशी कुठे?" मी सांगितलं, तब्येत बरी नाही. खोटं बोलले, कारण खरं मलाच माहीत नव्हतं. दाजींचा फोन बंद. पत्राला उत्तर नाही. ओटी शेवटी शेजारणीने भरली.

आईच्या मागे मला माहेर म्हणून एक तूच. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतंस. मागच्या पत्रात मी तुला गप्प बसू नका वगैरे लिहिलं, ते लागलं का? की लहान बहिणीचं कौतुक झालेलं बघवलं नाही? हे लिहिताना वाईट वाटतंय, पण मनात आलं ते लिहिलं.

तुझी साडी कपाटात तशीच आहे.

ज्योत्स्ना

•

वाडीवरून
१९ मे २०२५

ज्योती,

तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू जे लिहिलंस ते वाचून राहवलं नाही.

मागचं पत्र तुला धाडलं त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी म्हशी परत येत होत्या. पारडू उधळलं आणि खदानीत उतरलं. त्या ढिगावर तोवर राखेची साय धरली होती. वरून थंड, करडी, जमिनीसारखी. पारडू चार पावलं गेलं आणि आत बसलं. ते ओरडलं तसे हे धावले. मी बांधावरून हाका मारत होते, "अहो, जाऊ नका, जाऊ नका." हे म्हणाले, "इझलंय ते." आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

खाली सगळा विस्तव होता. पायातल्या प्लास्टिकच्या चपला वितळून कातड्याला चिकटल्या. सोमनाथनं दोर टाकून ओढून काढलं. फोन तिथंच राखेत गेला. पारडू गेलंच. ते किती वेळ ओरडत होतं ते मला अजून ऐकू येतं.

मी ह्यांच्या पायावर पाणी ओतत होते तेव्हा शेजारी एक पिशवी पडलेली होती, अर्धी जळालेली. तुझ्या पत्रांवर जो पत्ता असतो तेच नाव. मी ती पालथी केली, सोमनाथला दिसू नये म्हणून.

घोटीच्या डॉक्टरांनी बघूनच नाशकाला न्यायला सांगितलं. महिनाभर आम्ही नाशकातच होतो, ज्योती. तुझ्याच नाशकात. मांडीचं कातडं काढून पायाला लावलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. वीस तारखेला मी वॉर्डाच्या खिडकीत उभी होते. दुपारी कुठूनतरी सनई ऐकू आली, ती तुमची नसणार, पण मी खिडकी लावून घेतली. हे म्हणाले, "जाऊन ये, लेकीचा साखरपुडा हाय. पायाचं सांगू नको." मला नाही जमलं. तुझ्यासमोर उभी राहिले असते आणि ओटी भरता भरता सगळं बाहेर पडलं असतं. वेदिकाच्या कार्यात मला ते करायचं नव्हतं.

घरी आले तेव्हा तुझं पिशव्यांचं पत्र येऊन पडलं होतं. कोऱ्या देईन म्हणालीस. मी ते पत्र चुलीत घातलं.

तुझ्या कौतुकाचा मला कधी हेवा नव्हता. तुझी शाल ऐकून मी वाडीभर सांगितलं होतं.

सिंधू

•

नाशिक
१८ जून २०२५

ताई,

तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी आणि सुनील निघून आलो, ते सगळं तुझ्यासमोर घडलं. पण तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी रडायचं ठरवून आले होते. दाजींनी रडू दिलं नाही. स्वतः भिंतीला टेकून पाय लांब करून बसले आणि तुला म्हणाले, "ज्योतीला खुर्ची दे. चहात आलं घाल." मग मला म्हणाले, "तू धूर बंद करायला गेलीस. त्यात वंगाळ काय हाय?" ताई, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तू मात्र दिवसभरात माझ्याकडे एकदाही नीट बघितलं नाहीस. खदानीच्या कडेला घेऊन गेलीस आणि म्हणालीस, "बघ." एवढंच.

मी यादवला एकदाही विचारलं नाही की पाला नेमका कुठे नेतोस. विचारलं नाही, कारण खिडकी उघडता येत होती.

आल्यावर मीटिंग बोलावली. सगळं सांगितलं, पायांचे फोटो दाखवले. मग हर्षल म्हणाला, "वाईट झालं मॅडम. पण आपण रीतसर भाडं देत होतो. पुढे त्याने काय केलं, ही आपली जबाबदारी कशी?" कुणी म्हणालं, मदत पाठवू. कुणी म्हणालं, नुसती पिशव्यांवरची नावं काढून टाका. ताई, त्याच टेबलाशी त्यांनी मला शाल दिली होती.

पुढच्या खेपेला मी गेटमध्ये उभी राहिले. ट्रक भरलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, इथला नाय नेला तर दुसऱ्या कॉलनीचा नेईन. गाडी रिकामी थोडीच जानार हाय?" मी म्हटलं, "ने. पण आमचा उतरव." बराच वेळ हॉर्न वाजले, बाल्कन्यांतून लोक ओरडले. शेवटी त्याने पार्किंगमध्येच सगळा ढीग पालथा केला आणि निघून गेला. चार दिवस तो ढीग तिथेच होता. लोक माझ्याकडे बघून नाक धरायचे. पाचव्या दिवशी पहाटे तो भिंतीशी नेऊन कुणीतरी पेटवला.

सुनील आठवडाभर दवाखान्यात होता. पहिल्या रात्री डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सह्या घेतल्या. तेव्हा माझा धीर सुटला. मी सुनीलच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मी यादवला परत बोलावते. मला नाही झेपत." त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "कुणाच्या दारात पाठवणार?" मग खोकल्याने त्याला बोलू दिलं नाही.

दवाखान्यात हर्षल आला होता. खाली मान घालून बसला. त्याने लावली नव्हती काडी, पण कुणी लावली ते त्याला ठाऊक असावं. निघताना म्हणाला, "बॅडमिंटनच्या कोर्टामागचा तुकडा देतो खड्ड्यांना. मीटिंग नको, मी माझ्या सहीने देतो."

खड्डे झालेत. चारच घरं येतात. बाकीच्यांच्या तक्रारी चालूच आहेत, परवा कुणीतरी खड्ड्यात काचा टाकल्या. मी कमिटीतून बाहेर पडले आणि रोज सकाळी फावडं घेऊन तिथे असते. सुनील घरी आलाय, पण शीळ नाही.

दिवाळीपर्यंत पहिलं खत तयार होईल. ते सगळंच्या सगळं तुझ्या वावरात घालायचं, असं मी ठरवलंय. तेवढं तरी मला करू दे.

ज्योत्स्ना

•

वाडीवरून
३० जून २०२५

चि. ज्योतीस,

सुनीलरावांचं वाचून खूप वाईट वाटलं. त्यांनी जे विचारलं ते ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "त्यांना म्हणावं, पाऊस उघडला की इकडं या हवेला."

खत पाठवू नको.

रागानं म्हणत नाही. राग आहे, तो कधी जाईल ते मला माहीत नाही, आणि तुझ्या खतानं तो जाणार नाही. पण इथे तुमच्या कॉलनीची पिशवी दिसली तर बाया पोरांना मागं ओढतात. त्यात सोनं भरून दिलंस तरी वाडीवर कुणी हात लावणार नाही. ते तुमच्या झाडांना घाला. ज्याचा पाला त्याच्या बुडाशी.

पाऊस पडला तेव्हा खदानीतून दोन दिवस वाफ निघत होती. आता विझली असं सोमनाथ म्हणतो, पण गुरं त्या वाटेनं जात नाहीत. मीही जात नाही. यादवची गाडी आता खालच्या गावाच्या ओढ्याशी रिकामी होते असं ऐकलं. ग्रामपंचायतीनं तिथल्या लोकांना सांगितलंय. बघू.

ह्यांना काठी घेऊन अंगणापर्यंत चालता येतं. डॉक्टरांनी यंदा चिखलात पाय घालायचा नाही म्हणून सांगितलंय. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून भाताची आवणी केली. परवा रोपं बघायला ह्यांना बांधावर खुर्चीत नेऊन बसवलं, तर हे तोंड फिरवून बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काय नाय. रोपं चांगली आलीत."

पुढच्या सोमवारी आवणी धरणार आहोत. चौघी बाया मिळाल्या, एक माणूस कमी आहे. मजूर शोधला तर मिळेल, पण मी शोधला नाही.

येणार असशील तर रिकाम्या हातानं ये. साडी नको, फळं नको, माफीही नको. जुना ड्रेस घाल. तुला वाकून काम करायची सवय राहिली नसेल, पहिल्या दिवशी कंबर धरेल, रात्री झोप लागायची नाही. मी काही तुझे पाय चेपणार नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ये. ओळ धरायच्या आत पोचलीस तर माझ्या शेजारी लाग.

तुझी
सिंधूताई